मुका वस्तरा, गाणारा वस्तरा

कसाल, ४ डिसेंबर २००१

ती. मामा,

आधी पाया पडून घेतो, मग भांडतो. किशोरीवहिनी हे पत्र तुम्हांला वाचून दाखवणार, म्हणून शिव्या गाळल्या आहेत. त्या तुम्ही मनाने भरून घ्या.

तुमचा वस्तरा हंगामाच्या सुरुवातीला पोचला. लाल फडक्यातून काढला, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि आमच्या दशावतारी मंडळाच्या पेटाऱ्यात ठेवला. त्या दिवसापासून जत्रा कुठलीही असो, मी कापलेलाच आहे. देवगडकडच्या जत्रेत हनुवटीचं रक्त रंगातून वर आलं. मी वनात टाकलेली राणी, जीव तोडून रडतोय, आणि पुढ्यात बसलेली म्हातारी शेजारणीला म्हणते, "गो, राणीक लागलां बघ!" सगळी जत्रा हसली. रडण्याच्या प्रवेशाला हशा घेणारा स्त्रीपार्टी मंडळाच्या इतिहासात मीच पहिला.

तुम्ही सांगितलं तस्संच करतो. पात्याची पाठ गालापासून चांगली उचलून धरतो, लांब ओढतो, हात जड ठेवतो. तुमचंच वाक्य: "वजन काम करतां, आपण नुसतो धरूचो." धरतो, आणि चामडी सोलून निघते. वर रंग चढला की मिरची लावल्यासारखी आग.

साध्या ब्लेडने कर म्हणाल तर ते करून झालं. संध्याकाळी गुळगुळीत, मध्यरात्री गालावर हिरवी सावली. तुमच्या वेळी पेट्रोमॅक्स होती, तिच्या उजेडात सगळं खपलं. आता मालकांनी हॅलोजन लावलेत. त्यात केस काय, केसाचा विचारसुद्धा दिसतो.

मालकांनी काल पेटाऱ्याजवळ बसवून सांगितलं, "मंगेशा, आरोंद्याच्या जत्रेपर्यंत बघतंय. पहाटे दहीकाल्याआधी तुझो मामा सत्यवान तुझ्या गालार हात फिरवतलो. त्याचो हात सांगात तां खरां." नाहीतर राणी नितेशकडे. नितेश म्हणजे तो नवा पोरगा. त्याला दाढीच फुटलेली नाही, म्हणून तो मोठा कलावंत. राणी गेली तर मला राक्षसाच्या मागचा भालदार करतील. मामा, मला दुसरं काही येत नाही हे तुम्हांला ठाऊक आहे.

तर आता काय करू ते नीट सांगा.

तुमचा,
मंगेश

*

आरोंदा, ९ डिसेंबर २००१

चि. मंगेश,

आशीर्वाद. नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. त्या वस्तऱ्याने मी उभा जन्म बायका रंगवल्या. पेडण्यापासून मालवणपर्यंत लोक पैजा लावत, की ही बाईच आहे. तो वस्तरा कापत नाही, तुझा हात कापतो.

तू घाबरून धरतोस. घाबरलेल्या हातात वस्तरा थरथरतो. पाठ अजून उचल. ओढ अजून लांब घे, कानापासून हनुवटीपर्यंत एकदम. मध्ये थांबलास की खाच पडलीच. आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासताना हात मोडलेल्या माणसासारखा घासू नकोस. जोर लाव. जाड पातं आहे, त्याला काही होत नाही.

मी अजून रोज सकाळी उठून स्वतःची करतो, आरशाशिवाय. ह्या वयात. आणि तुला भर दुपारी जमत नाही.

हॅलोजनचं मला सांगू नकोस.

सत्यवान

भावजी, खाली दोन ओळी माझ्या. मामंजींना आता अक्षर दिसत नाही, म्हणून लिहायला मिळतं. "रोज सकाळी करतो" हे साफ खोटं आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप, त्यामुळे गणपतीपासून त्यांनी वस्तऱ्याला हात लावलेला नाही. दाढी छातीला टेकायची बाकी आहे. न्हाव्याला बोलावलं तर त्याला हाकलून दिलं, "माझ्या तोंडाक दुसऱ्याचो हात लागूचो नाय" म्हणून. लोकांना सांगतात, नवस आहे. कसला नवस ते देवालाही माहीत नसावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

किशोरी

*

कसाल, १६ डिसेंबर २००१

ती. मामा,

पाठ अजून उचलली. ओढ अजून लांब घेतली. परिणाम कळवतो: डाव्या कानाखाली खाच, गळ्यावर पुरळ, आणि एक प्रयोग पदर गळ्याभोवती गुंडाळून केला. मालक म्हणाले, "राणीक थंडी वाजता काय?"

पट्ट्यावर जोर लावा म्हणालात, लावला. आता धार एका बाजूला दुमडल्यासारखी लागते, नखावर घेतली तर अडकते. कणकवलीच्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडून निसण्याच्या दगडावर लावून आणली. त्याने वस्तरा उलटसुलट पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि "कोणी शिकवलां?" एवढंच विचारलं. तुमचं नाव सांगितलं नाही. एवढी इभ्रत राखली तुमची.

आणि मामा, सगळ्यांत डोकं उठवणारी गोष्ट ही, की हा गातो. गालावर ठेवून ओढला की किणकिण करतो, बारीक, कानाशी डास आल्यासारखा. मी कापून घेत असतो आणि हा गात असतो. नितेश दारात उभा राहून हसतो. तुमच्या वेळीही हा असाच गायचा का? मग तुम्हांला त्याचा राग कसा आला नाही?

मंगेश

*

आरोंदा, २० डिसेंबर २००१

मंगेश,

आशीर्वाद नंतर. आधी हे.

माझो वस्तरो जन्मात कधी गायलो नाय! तो मुको आसा. म्हशीसारखो मुको. तो खंयसून गातलो?

(भावजी, हे असंच्या असं लिहायला लावलं. पत्र ऐकून ताडकन उठले, दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, आणि मलाच ओरडले.)

ट्रंकेत वस्तरे दोन होते. दोघांनाही शिंगाची काळी मूठ. मी हाताने चाचपून एक काढला आणि फडक्यात गुंडाळला. माझा कोणता, हे मला मुठीवरून कळतं असा माझा समज होता. किशोरीने आज ट्रंक उपसली. माझा खालीच पडलाय.

तुझ्याकडे गेला तो पेडण्याच्या एका दर्दी माणसाने मला बक्षीस दिलेला. त्याचं पातं पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजूंनी खोल कोरलेलं आहे, धारेशी कागदाएवढं. माझं पातं पाचरीसारखं भरीव. भरीव पातं आवाज करत नाही, वाकत नाही, म्हणून त्याला पाठ उचललेली चालते आणि वजन चालतं. ते पोकळ पातं त्याच हाताने ओढलंस तर धार वाकून कातडीत जाणारच. मी सांगत होतो म्हशीचं, आणि तू हाकत होतास तट्टू. आणि इतके दिवस हे मला सांगायला तुला काय झालं होतं, की पातं पातळ आहे?

आता ऐक. पोकळ्याची पाठ जवळजवळ गालाला टेकव. मध्ये आठ आण्याचं नाणं मावेल, एवढीच फट. लांब ओढ बंद. आखूड ओढायचं, दोन बोटं, चार बोटं. डाव्या हाताने कातडी ताणून धर. जोर अजिबात नको. पहिला हात केसांच्या दिशेने, मग परत साबण लावून दुसरा आडवा. पट्ट्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाने फिरव, नुसता. आणि त्याच्या गाण्याचा राग करू नकोस. तो पेडणेकर मला म्हणाला होता, गातोय तोवर बरोबर चाललंय, गप्प झाला की समजायचं तू दाबलंस. मी दोनदा वापरला आणि ठेवून दिला. मला बडबड्या वस्तरा नको होता.

माझा खरा वस्तरा सावंतवाडीच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देतोय. पोकळा परत पाठव.

सत्यवान

भावजी, चूक त्यांची, पण दिवसभर रुसून मात्र माझ्यावर बसलेत. म्हणे, ट्रंक आवरून ठेवली नव्हती. दुपारी माशांचं कालवणसुद्धा "गोड लागत नाय" म्हणून परत केलं. तुमचे वस्तरे तिकडेच असू देत, इथे मला एवढी धार पुरे आहे.

किशोरी

*

कसाल, २ जानेवारी २००२

ती. मामा,

पोकळा परत पाठवता येत नाही. पेटाऱ्यात गेलेली वस्तू हंगाम संपेपर्यंत बाहेर कोणाच्या घरी जात नाही, ही रीत तुम्हीच मला कान पिळून शिकवलीत.

तुम्ही सांगितलेली आठ आण्याची फट आणि आखूड ओढ धरली. पहिल्याच दिवशी गळ्याला साधा ओरखडासुद्धा नाही. पहाटे आरशात बघितलं तर गाल तसाच. त्याचं गाणं आता मी कान देऊन ऐकतो. डाव्या जबड्याखाली माझा हात आपोआप जड होतो आणि तो गप्प होतो, हे त्यानेच मला दाखवलं. मी म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात कंडक्टरकडून तुमचा म्हसोबा, तो जाडा वस्तरा, आला.

तुमचा मान राखायचा म्हणून त्याने दाढी केली. हाताला आता पोकळ्याची सवय, पाठ टेकवून आखूड ओढली, तर तो केसांवरून नुसता घसरला, जणू दाढीची विचारपूस करून गेला. पाठ उचलली तर कानाची पाळी कापली. मामा, मी आगीतून निघून फुफाट्यात आलो. एकाला टेकव, दुसऱ्याला उचल, एकाला ऐक, दुसऱ्याला मनगटात ओळख. मी राणीचे संवाद आठवू की वस्तऱ्यांचे स्वभाव?

शेवटी मुंबईहून आलेल्या दोन सुनांना सासू कशी वेगवेगळी कामं लावून देते, तसं केलं. गाल आणि जबड्याखालचं राठ रान तुमच्या जाड्याला. वरचा ओठ, हनुवटी आणि तिच्यातली खळी पोकळ्याला, कारण त्या खळीत तुमचा जाड्या शिरतच नाही. काल पहाटे मालकांनी लांबून बघितलं आणि काही बोलले नाहीत. मालक बोलले नाहीत म्हणजे कौल उजवा समजायचा.

आता आरोंद्याची जत्रा. मी दुपारीच घरी येतो. वहिनीने कळवलंय, तुमच्या नवसाबद्दल. दोन्ही वस्तरे घेऊन येतो, पेटारा तर गावातच असणार.

मंगेश

*

आरोंदा, ८ जानेवारी २००२

चि. मंगेश,

माझ्या नवसाला कोणी हात लावायचा नाही. किशोरीने काय कळवलं ते मी तिला विचारलं, ती म्हणते, काहीच नाही. ह्या घरात माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार चालतो.

तुझा गाल बघायला मी येईन की नाही, ते त्या दिवशी ठरवीन.

सत्यवान

भावजी, त्यांचं ठरलेलं आहे: येणार नाहीत. काल रात्री जेवताना बोलून गेले, "पेटाऱ्याफुडे मी कधी दाढी घेवन बसलंय नाय." ज्या माणसाच्या गालाला लोक भुलायचे, त्याला असं जंगल घेऊन खेळाच्या मांडावर बसायची लाज वाटते. सरळ सांगतील तर शपथ. आणि ते आले नाहीत तर तुमचा निकाल कोण देणार? तुम्ही या, लवकर या. मी गरम पाणी ठेवते. शिव्या तुम्ही खा, मी आजवरच्या खाल्ल्या आहेत.

किशोरी

*

कसाल, १६ जानेवारी २००२

ती. मामा,

नमस्कार.

परवा पहाटे तुम्ही सगळ्यांच्या समोर पालथा हात माझ्या तोंडावरून फिरवलात. गालावर थांबला नाही. जबड्यावर थांबला नाही. हनुवटीवर थांबला. आणि तुम्ही म्हणालात, "हंय खुंट आसत." मालकांसमोर. नितेशसमोर. दहीकाल्याची हंडी टांगली होती, सगळा गाव बघत होता.

होते खुंट. मी नाही म्हणत नाही. पण मामा, एक हात तुम्ही उचलला असतात तर काय झालं असतं? तो हात महिनाभर माझ्या डोक्यावर होता ना, पत्रातून? तोच हात जरा पुढे सरकला असता. तुम्ही नुसतं "बरां आसा" म्हणाला असतात, तर कोणाचं काय गेलं असतं?

राणी नितेशला दिली. सोमवारपासून मी भालदार. एक वाक्य आहे मला: "महाराजांचा विजय असो." त्याला दाढी असली तरी चालते.

खुंट का राहिले ते मी सांगणार नाही. तुम्ही विचारूही नका.

मंगेश

*

आरोंदा, २० जानेवारी २००२

मंगेश,

हाताला जे लागलं ते बोललो. हात खोटं बोलायला लागला तर मग पेटाऱ्यापुढे तो फिरवायचा कशाला? उद्या कोणीही उठेल आणि कोणाचीही भलामण करील. तू पाया न पडता निघून गेलास तेही माझ्या लक्षात आहे.

तुला दोन वस्तरे दिले, दोन्हींची रीत दिली, आणि नेमक्या त्या दिवशी तू हनुवटी सोडलीस. पोकळ्याची धार गेली असणार, नाहीतर खळीत खुंट राहत नाहीत. दुपारी कुठे लक्ष होतं तुझं? कुठल्या दगडावर तू ती धार घालवलीस? जत्रेच्या दिवशी दुपारी धार घालवणारा माणूस स्त्रीपार्टी व्हायच्या

भावजी, इथे मी काल पेन खाली ठेवलं. "लिही," म्हणाले. म्हटलं, नाही लिहिणार.

मला रागच आला. मी त्यांची सून आहे, त्यांच्या रागाची कारकून नाही. तुम्ही मला शपथ घातली होती, ती मी मोडली. कुठल्या दगडावर, विचारता? तुमच्याच तोंडावर, म्हटलं मामंजींना. गरम पाण्याचं घमेलं मी धरून होते, मी बघितलंय. भावजींनी तुमच्या शिव्या खात आधी कात्रीने दाढी उतरवली आणि जाडा लावला. तुमची कातडी आता सैल झालीय, ती जाड्याबरोबर ओढली जायला लागली, तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत, पण माझा हात तुम्ही घट्ट धरला होता. तेव्हा भावजींनी जाडा बाजूला ठेवला आणि सगळी दाढी, चार महिन्यांची, त्या नाजूक पोकळ्याने काढली. आखूड, आखूड, ताणून धरून. तो आधी गात होता. गळ्याशी आला तोवर गायचा थांबला. भावजींनी धारेला अंगठा लावला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "गेली." मी म्हटलं, मग तुमची? ते म्हणाले, बघतो, आणि गप्प राहायची शपथ घातली. निसण्यावर लावायला वेळ कुठे होता? दिवेलागणीला तर रंगायला बसायचं होतं.

हे सगळं मी एका दमात बोलले. मामंजी ऐकत होते आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवत होते. वरून खाली, मग आडवा. चहा ठेवला तो तसाच थंड झाला.

आज, २१ तारखेला, सकाळी म्हणाले, सावंतवाडीला डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो. सोबत येते म्हटलं तर खेकसले. पहिल्या गाडीने काठी टेकत गेले. आता दिवस मावळला, अजून पत्ता नाही. डॉक्टरकडे फोन केला, तिथे ते गेलेच नाहीत. मालकांच्या दुकानातला फोन लागत नाही. घरातले सगळे बोटीवर. हे पत्र शेवटच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय. तिकडे आले असले तर ताबडतोब कळवा. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

किशोरी

*

कसाल, २२ जानेवारी २००२

वहिनी,

मामा सुखरूप आहेत. माझ्याच पांघरुणात झोपलेत आणि घोरताहेत. उद्या पहिल्या गाडीला मी स्वतः बसवून देतो. हे पत्र आजच्या दुपारच्या कंडक्टरकडे देतोय, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

काल दुपारी आम्ही मालकांच्या अंगणात पेटारा उघडून बसलो होतो. नितेश राणीची साडी नेसून बघत होता, आणि मी, देवा शपथ, त्याच्या निऱ्या घालून देत होतो. त्याला निऱ्याही येत नाहीत. तेवढ्यात बेड्याच्या फाटकाशी काठी वाजली. महामार्गावर उतरून विचारत विचारत आले होते, एका डोळ्याच्या उजेडावर. मी धावलो, तर मला काठीनेच बाजूला केलं.

सरळ पेटाऱ्याकडे गेले, हात जोडले, आणि मालकांना म्हणाले, "मालकानू, तुमचो हात हंय धरा."

मालकांना काही कळेना. मामांनी त्यांचा हात पकडून स्वतःच्या गालावर ठेवला. कानापासून हनुवटीपर्यंत फिरवला. मग गळ्यावर. आठ दिवसांचे खुंट आलेच होते, पण सगळीकडे सारखे, कुठे पुरळ नाही, कुठे ओरखडा नाही, एका म्हाताऱ्याच्या लोंबत्या कातडीवर.

"लागतां काय खंय?"

"नाय," मालक म्हणाले.

"त्या दिवशी झिलाच्या हनवटीक खुंट होते. होते. मी खोटां बोललंय नाय. पण तेची धार खंय गेली, तां माका ठावक नव्हतां. ती हंय गेली, मालकानू. ह्या तोंडार गेली. मी तां बघूक व्हयां होतां, माझोच गाल होतो. माझ्याच गालाक माझो हात लागलो नाय."

एवढं बोलून बसले ते बसलेच. नितेश साडीचा पदर हातात धरून उभा. आणि मी, जो एवढी वर्षं खोटं रडतो, मला खरं रडू आवरेना. मामा म्हणाले, "हो बघा, ह्या रडणां. असां हॅलोजनात रडलो तर कोण हसात?"

मालकांनी नितेशला साडी सोडायला सांगितलं. तो बिचारा खूश झाला, म्हणाला, निऱ्यांमध्ये त्याला चालताच येत नव्हतं. शनिवारी माणगावला राणी माझी आहे. मामांनी लगेच माझं तोंड दोन्ही हातांत धरून तपासलं आणि सांगितलं, की भालदार झाल्यापासून मी दाढीची काय दशा करून घेतलीय.

पोकळ्याला मी नीट धार लावून आणलीय. परत गातोय. मामांनी रात्री कानाशी धरून ऐकला, आणि "बडबड्या" म्हणून परत दिला, पण लगेच नाही दिला.

दर पंधरवड्याला मी येऊन त्यांची करणार. नवस संपला, असं लोकांना सांगा. मालकांची परवानगी आहे, फक्त काल पेटारा बंद करताना त्यांनी त्याच्यावर हात ठेवून मला एकच ताकीद दिली:

"आधी तुझी दाढी, मगे मामाची."

तुमचा,
मंगेशभावजी